आधी टेप घ्या, मग टेबल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'घरातलं ऑफिस' या विषयावर पान भरून मजकूर आणि सहा छायाचित्रं आली. खोल्या देखण्या आहेत. पण सहापैकी एकाही छायाचित्रात खुर्चीवर माणूस बसलेला नाही, आणि सगळ्या मजकुरात एकही माप दिलेलं नाही. खर्चाचा जो अंदाज दिला आहे, तो वाचून माझ्यासारखी बाई पान मिटून पुन्हा जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसेल. मी तशी दीड वर्ष बसले होते आणि त्याची किंमत उजव्या खांद्याने मोजली. म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण जमल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी १९९४ पासून अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते. पहिली पंचवीस-सव्वीस वर्षं सदाशिव पेठेतल्या एका डीटीपी सेंटरमध्ये गेली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मालकांनी एक जुना लॅपटॉप घरी पोचवला, 'चार दिवसांचा प्रश्न आहे' म्हणाले, आणि वर्षभरात सेंटरच बंद झालं. तेव्हापासून धायरीतला आमचा वन बीएचके हेच माझं कामाचं ठिकाण. घरात आम्ही चौघं. यजमान निवृत्त आहेत, सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, आणि मुलीची नोकरी दुपारी दोन ते रात्री अकरा फोनवर बोलण्याची. त्यामुळे बेडरूम तिची, हे ओघानेच आलं. माझ्या वाट्याला आली ती हॉलमधली, बाल्कनीचं दार आणि शोकेस यांच्यामधली जागा. चार फूट बाय साडेतीन फूट.

सुरुवातीला मी जेवणाच्या टेबलावर काम करत होते. दिवसाला सात-आठ तास, समोर लॅपटॉप, डाव्या बाजूला प्रुफांचा गठ्ठा, खाली प्लास्टिकची खुर्ची. जेवायची वेळ झाली की सगळं उचलायचं, जेवणं झाली की पुन्हा मांडायचं. वर्षभरात खांदा धरला, मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्या बाईंनी पहिल्या दिवशी व्यायाम सांगितलाच नाही. म्हणाल्या, "तुम्ही काम करत असताना कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा आणि तो घेऊन या." मुलीने काढला. तो पाहून मी स्वतःच गप्प झाले. दोन्ही खांदे कानांपर्यंत चढलेले, मान पुढे, आणि पायांची फक्त बोटं फरशीला टेकलेली.

दोष माझ्या शिस्तीचा नव्हता, मापांचा होता. बाजारातली बहुतेक टेबलं २९ ते ३० इंच उंच असतात. माझी उंची चार फूट अकरा इंच. मी खुर्चीत बसले की गुडघ्यामागून जमिनीपर्यंत जेमतेम १५ इंच भरतात, चप्पल घालून सोळा. म्हणजे बैठक १७ इंचांवर असली तरी पायाखाली काहीतरी हवं. बसल्यावर कोपर बैठकीपासून ९ इंच वर येतं. सतरा आणि नऊ, सव्वीस. हात त्या उंचीला असतील तरच खांदा सैल राहतो. माझं टेबल त्यापेक्षा चार इंच उंच होतं. हे चार इंच मी रोज सात तास खांद्याने उचलून धरत होते.

वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की पहिले आठ दिवस एक रुपयाही खर्च करू नका. शिवणकामाची टेप घ्या, घरातल्या कुणाला तरी शेजारी उभं करा आणि तीन मापं घ्या: गुडघ्यामागून जमीन, बैठकीपासून कोपर, बैठकीपासून डोळे. कागदावर लिहून तो कागद पर्समध्ये ठेवा. ब्लाउज शिवताना आपण दुसऱ्याचं माप देत नाही. मग खुर्ची-टेबल तेवढं दुसऱ्याच्या मापाचं का घ्यायचं?

मी मात्र आधी चूकच केली. मापं हाती आल्यावरसुद्धा ऑनलाइन एक खुर्ची मागवली, कारण चित्रात ती छान दिसत होती. बैठकीची सर्वांत खालची उंची १९ इंच निघाली. परत करताना चकरा मारल्या, फोन केले, पैसे अर्धेच आले. त्यानंतर ठरवलं की ज्या खुर्चीवर बसून पाहता येत नाही ती घ्यायची नाही.

त्या काळात पुण्यात कंपन्यांनी रिकाम्या केलेल्या ऑफिसांमधलं फर्निचर जुन्या सामानाच्या दुकानांत ढिगाने येत होतं. अजूनही येतं. मी आणि यजमान एका सकाळी तिथे गेलो आणि मी अकरा खुर्च्यांवर बसून पाहिलं. दुकानदार आधी वैतागला, मग स्वतःच एकेक ओढून पुढे करायला लागला. जुनी खुर्ची घेताना काय बघायचं ते सांगते. बसा आणि दहा मिनिटं बसून राहा. बैठक वर-खाली करणारा हायड्रॉलिक गेलेला असेल तर खुर्ची हळूहळू खाली जाते, आणि ते दोन मिनिटांत कळत नाही. खुर्ची उलटी करून पाच पायांचा बेस बघा, मधल्या नळीजवळ बारीक तडा असेल तर ती घेऊ नका. बैठकीचा फोम मुठीने दाबा, आत पत्रा किंवा प्लाय लागला तर फोम मेलेला. पाठ टेकवून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मावायला हवीत. बैठक त्याहून खोल असेल तर बुटक्या माणसाला पाठ टेकवताच येत नाही. खुर्चीचे हात खाली-वर होत नसतील तर ते सोडवून ठेवा. टेबलाला अडकणारे हात असण्यापेक्षा नसलेले चांगले. मला २,२०० रुपयांत मिळाली. तिचा हायड्रॉलिक सहा महिन्यांनी गेला, तो ५५० रुपयांत बदलून घेतला. आज पाचवं वर्ष चालू आहे.

टेबल विकत घेतलंच नाही. यजमानांच्या शाळेच्या दिवसांतलं सागवानी टेबल गॅलरीत कुंड्या ठेवायला वापरत होतो. तीस इंच उंच, खाली ड्रॉवर. सुताराला बोलावून म्हटलं, याचे पाय चार इंच कापून द्या. यजमानांना ते पटलं नाही. सागवान कापायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं, आणि मी ते समजू शकते, त्यांच्या वडिलांनी ते करून घेतलं होतं. दोन दिवस विषय तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सुताराला फोन केला. ड्रॉवरही काढून टाकावा लागला, कारण टेबल खाली आल्यावर मांड्यांना लागत होता. मजुरी ४००.

आता टेबल सव्वीसवर, बैठक सतरावर आणि पायाखाली एक लाकडी पाट. श्रावणात आणि पंगतीला निघणारा हा पाट एरवी माळ्यावर पडून असायचा.

लॅपटॉपचं दुखणं वेगळंच आहे. त्याचा पडदा आणि की-बोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. पडदा डोळ्यांसाठी योग्य उंचीवर आणला की हात वर जातात, हात नीट ठेवले की मान खाली जाते. त्यामुळे दिवसभर लॅपटॉपवर काम करणाऱ्याने वेगळा की-बोर्ड आणि माउस घेतलाच पाहिजे, एरवी बाकी सगळी सुधारणा वाया जाते. मला दोन्ही मिळून हजार रुपये पडले. माझा हात इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरी टंकनाच्या प्रमाण मांडणीवर, बसलेला आहे, तिथे कुठल्याही साध्या की-बोर्डने भागतं. लॅपटॉप वर उचलायला मी स्टँड घेतला नाही, जुने दिवाळी अंक सुतळीने घट्ट बांधून त्यावर ठेवला.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहायची आहे, कारण ती कुठल्याच लेखात मला सापडली नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा, असा सल्ला सगळे देतात. मीही तसंच केलं आणि आठवड्यात मान आणखी दुखायला लागली. कारण मला बायफोकल चष्मा आहे. जवळचं वाचायची काच खालच्या बाजूला असते. पडदा डोळ्यांसमोर आला की त्या काचेतून बघण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते, आणि दिवसभर मान मागे मोडून बसावं लागतं. चाळिशीनंतर आपल्यापैकी किती जणांना असे चष्मे असतात! त्यांनी पडदा तीन-चार इंच खाली आणावा, म्हणजे दोन दिवाळी अंक काढून टाकावेत. मी आणखी एक केलं. चष्म्याच्या दुकानात टेप घेऊन गेले, माझ्या डोळ्यांपासून पडदा २४ इंचांवर आहे हे सांगितलं आणि फक्त त्या अंतराच्या नंबरचा साधा एकेरी चष्मा करून घेतला. १,२०० रुपये लागले. संध्याकाळचं डोकं दुखणं त्यानंतर थांबलं. एवढ्या सगळ्या खर्चात मला सर्वांत जास्त पावलेले पैसे हेच.

कागदावरची प्रुफं अजून येतात. ती सपाट टेबलावर ठेवून वाचली की मान लोंबते. माझे आजोबा वाईला एका पेढीवर कीर्द लिहीत. त्यांचं उतरतं डेस्क माहेरी अडगळीत होतं, ते मागून आणलं आणि टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवलं. उतारावर कागद ठेवला की मान सरळ राहते. गादीवर मांडी घालून दिवस दिवस लिहिणाऱ्या त्या लोकांनी लिहिण्याचं डेस्क उतरतं का केलं होतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. ज्यांच्याकडे टेबलाला जागाच नाही त्यांनी मुळात त्या बैठकीचा विचार करावा. आमच्या इमारतीतली एक मुलगी डेटा एंट्रीचं काम जमिनीवर बसून करते. तिला मी सांगितलं की घडी घातलेली गोधडी बुडाखाली घे, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर येईल, पाठ भिंतीला टेकव, आणि चौरंग मांडीवर अडकणार नाही पण कोपराच्या वरही जाणार नाही इतकाच उंच घे. दर अर्ध्या तासाने उठायचं. आता तिला तीन-चार तास सलग काम जमतं.

उजेडाबद्दल. माझी बाल्कनी पश्चिमेला आहे. आधी मी बाल्कनीकडे तोंड करून बसायचे, दुपारी चारनंतर डोळे दिपायचे. पाठ करून बसले तर पडद्यावर स्वतःचंच प्रतिबिंब. शेवटी टेबल असं फिरवलं की उजेड डावीकडून येतो. मी उजव्या हाताने लिहिते, त्यामुळे हाताची सावली प्रुफावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट करावं. काचेला सासऱ्यांच्या जुन्या पांढऱ्या धोतराचा पडदा लावला, त्यातून ऊन गाळून येतं. रात्रीसाठी तपकीर गल्लीतून ४५० रुपयांचा वाकणारा दिवा आणि शंभर रुपयांचा नऊ वॅटचा एलईडी बल्ब आणला. दिवा कागदावर पडेल, पडद्यावर पडणार नाही असा वळवायचा. आणि दिवा लावला म्हणून खोलीतली ट्यूब बंद करायची नाही. अंधारात एकटा उजळलेला पडदा डोळ्यांना फार त्रास देतो.

वीज हा पुण्यात गुरुवारचा विषय. दुरुस्तीच्या कामासाठी वीज जाणार म्हणून मेसेज येतो, आणि नेमका त्याच दिवशी फॉर्मा, म्हणजे पुस्तकाच्या एकत्र छापायच्या पानांचा संच, छपाईला जायचा असतो. मोठा इन्व्हर्टर आमच्या आवाक्याबाहेर होता. पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. बंद पडतो तो राउटर, आणि त्याला फारच थोडी वीज लागते. राउटरसाठी मिळणारी छोटी यूपीएस १,३०० रुपयांना घेतली, ती तीन तास सहज चालते. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपियर वाचून जा, दुकानदाराच्या अंदाजावर राहू नका. आमच्या हॉलमध्ये प्लग एकच, तोही समोरच्या भिंतीला. एक्स्टेन्शनची वायर फरशीवरून आडवी टाकली होती. एकदा सासूबाईंचा पाय अडकला, नशिबाने हाताला खुर्ची लागली म्हणून त्या सावरल्या. त्याच संध्याकाळी वायरमन बोलावला आणि भिंतीवरून पट्टीतून वायर आणून टेबलाशी नवा बोर्ड बसवला. सातशे रुपये. ज्या घरात म्हातारी माणसं किंवा रांगती मुलं आहेत, तिथे हा खर्च खुर्चीच्याही आधी करावा.

खुर्ची आणायला टेम्पोचे ३०० धरून माझा सगळा खर्च ८,२०० रुपये झाला, तोही चार महिन्यांत थोडा थोडा आणि मागाहून हायड्रॉलिकचा. ऑनलाइन खुर्चीत बुडाले ते वेगळे.

आता पैशांत न मोजता येणाऱ्या गोष्टीबद्दल, जिच्याशिवाय हे पत्र मला अर्धवट वाटलं असतं. घरी बसून काम करणाऱ्या बाईला जागा मिळाली तरी वेळ मिळत नाही. गॅसचा सिलिंडर, शेजाऱ्यांचं पार्सल, प्लंबर, पाहुणे, सगळ्यांसाठी 'ती घरीच असते'. मुलीच्या बेडरूमचं दार बंद झालं की तिला कुणी हाक मारत नाही. मला दारच नव्हतं. दर दहा मिनिटांनी उठणाऱ्या मुद्रितशोधकाच्या हातून काय सुटतं, हे पुस्तक छापून आल्यावर कळतं. माझ्या हातून एका कवितासंग्रहात एक ओळ दोनदा छापली गेली. कवींनी मोठ्या मनाने समजून घेतलं, पण मला ती ओळ अजून पाठ आहे.

मग घरात बसून बोललो. सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सहा माझी कामाची वेळ, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. त्या वेळात दाराची बेल यजमानांनी बघायची, चहा त्यांनी करायचा. खुर्चीच्या पाठीमागे, हॉलच्या बाजूला, कपडे वाळत घालायची घडीची स्टँड उभी केली आणि तिच्यावर चादर टाकली. ही माझी भिंत आणि हेच माझं दार. आठवड्याभरात सवय झाली. सासूबाईंना सगळं नीट ऐकू येत नाही, पण एकदा शेजारच्या वहिनी आल्या तेव्हा त्यांनीच दारातून सांगितलं, "ती कामावर गेलीय, सहाला येईल." मी चादरीच्या पलीकडे चार फुटांवर होते. माझे डोळे भरून आले होते, कारण एवढ्या वर्षांत माझ्या या कामाला 'काम' असं त्या घरात पहिल्यांदा म्हटलं गेलं.

आपल्याला दोन गोष्टी सुचवते. एक, पुढच्या वेळी अशी पुरवणी काढाल तेव्हा फोटोंच्या जोडीला मापांची एक चौकट छापा. पावणेपाच फुटांपासून सहा फुटांपर्यंतच्या उंचीला बैठक किती, टेबल किती, पायाखाली किती, एवढंच. वाचक ती कापून ठेवतील. एखाद्या फिजिओथेरपिस्टला आणि एखाद्या सुताराला एकत्र बसवून ती करून घ्या. दोन, आपल्या वाचकांत गृहनिर्माण सोसायट्यांचे अनेक पदाधिकारी असतील. आमच्या सोसायटीचं ऑफिस महिन्यातून एका सभेपुरतं उघडतं. बाकी दिवस आत सहा खुर्च्या, एक लांब टेबल आणि पंखा कुलपात असतात. आमच्याच चार इमारतींत घरून काम करणाऱ्या नऊ बायका मी मोजल्या आहेत, त्यांतल्या तिघींकडे टेबल ठेवायला जागा नाही. ते कुलूप दहा ते पाच उघडं ठेवावं, असा अर्ज मी सोसायटीला दिला आहे. इतर ठिकाणी असं कुणी सुरू केलं असेल तर त्यांनी आपल्या पत्रव्यवहारातून कळवावं, विजेच्या बिलाचं आणि किल्लीचं त्यांनी काय केलं तेही. आमच्या कमिटीने मला नेमके हेच दोन प्रश्न विचारले आहेत.

टेबलाच्या पायांचे कापलेले चार तुकडे फेकायला यजमान तयार नव्हते. सुताराने त्यांना वरून खाच पाडून ते सासूबाईंच्या पलंगाच्या पायांखाली स्क्रूने पक्के बसवून दिले. पलंग जवळपास चार इंचांनी उंच झाला. त्या आता कुणाचा हात न धरता सकाळी उठतात.

आपली,
एक मुद्रितशोधक, धायरी, पुणे